एमएक्स-५चा मागचा पिस्टन आत जात नाही? जी-क्लॅम्प खाली ठेवा, आधी हँडब्रेकची केबल सैल करा

मी इंग्लंडमध्ये मिडलँड्स भागात राहतो. माझ्याकडे १९९२ची युनोस रोडस्टर आहे. ही जपानमधून आयात झालेली पहिल्या पिढीची माझ्दा एमएक्स-५. हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकलेलं असतं, म्हणून बहुतेक हौशी लोक गाडी झाकून ठेवतात आणि मार्च-एप्रिलमध्ये बाहेर काढतात. मग एमओटीची, म्हणजे इथल्या सक्तीच्या वार्षिक वाहन तपासणीची, तारीख जवळ येते आणि फोन सुरू होतात. 'अरे, मागचे ब्रेक पॅड बदलायला घेतले, पण पिस्टन आतच जात नाहीये. जाम झालाय वाटतं.'

वीसेक वेळा तरी हे काम माझ्या हातून झालं असेल. त्यात पिस्टन खरोखर जाम झालेला मला तीन-चार वेळाच दिसला. बाकीच्या वेळी पिस्टन ठणठणीत होता, त्याला चुकीच्या रीतीने ढकललं जात होतं. आणि मुळात पॅडला हात लावायची वेळ का आली, याचं उत्तर बहुतेकदा कॅलिपरऐवजी (चाकाची डिस्क पॅडने दोन्हीकडून चिमटणारा ब्रेकचा भाग) हँडब्रेकच्या केबलमध्ये सापडलं.

हे सगळं पहिल्या दोन पिढ्यांच्या गाड्यांबद्दल आहे, म्हणजे १९८९ पासून २००५ पर्यंतच्या. त्यानंतरच्या गाडीवर ही रीत वापरू नका, तिथला कॅलिपर वेगळा आहे.

लक्षणं

यातलं एखादं असेल तर पुढे वाचा.

- नवे पॅड बसत नाहीत, पिस्टन दाबून हलत नाही.
- हँडब्रेक नऊ-दहा टिकटिक वर येतो आणि तरी उतारावर गाडी सरकते.
- ब्रेकचं पेडल खोल जातं. ब्रेकच्या लाइनमधली हवा दोनदा काढली तरी फरक नाही.
- मागचं एक चाक दुसऱ्यापेक्षा जास्त तापतं, त्याच्या रिमवर काळी भुकटी जास्त बसते, लांबच्या फेरीनंतर करपल्याचा वास येतो.
- एमओटीत चाकं फिरवून ब्रेक तपासणाऱ्या रोलरवर हँडब्रेक एका बाजूला धरतो, दुसऱ्या बाजूला नाही. इथे ब्रेक ऑइलची दोन स्वतंत्र सर्किट असलेल्या गाडीला हँडब्रेकची कार्यक्षमता किमान १६ टक्के लागते. तेवढीही मिळत नाही.
- डिस्कची बाहेरची बाजू चकचकीत, आतली गंजलेली. किंवा एक पॅड पार झिजलेला आणि त्याच कॅलिपरमधला दुसरा जवळजवळ नवा.

पेडल खोल जाण्याचं लक्षण लोकांना हमखास चकवतं. मागचा पिस्टन डिस्कपासून लांब राहिला, की पेडलचा बराचसा प्रवास ते अंतर भरून काढण्यात जातो. माणूस समजतो लाइनमध्ये हवा आहे, आणि लिटरभर ब्रेक ऑइल वाया घालवतो.

हा पिस्टन असा का?

पुढच्या कॅलिपरचा पिस्टन साधा असतो. तेलाच्या दाबाने बाहेर येतो, जी-क्लॅम्पने (स्क्रूने आवळायच्या शिकंज्याने) दाबला की आत जातो. मागच्या कॅलिपरला दोन कामं आहेत, पेडलचा ब्रेक आणि हँडब्रेक. हँडब्रेक ओढला की केबल कॅलिपरच्या पाठीवरची छोटी दांडी फिरवते, ती आतला एक दांडा पुढे ढकलते आणि दांडा पिस्टनला. पॅड झिजत जातात तसा हा दांडा लांब व्हायला हवा, नाहीतर हँडब्रेक पोहोचणारच नाही. म्हणून दांड्याला आटे दिलेले आहेत आणि पॅड झिजले की तो आपोआप थोडा थोडा पुढे सरकतो.

म्हणजे पिस्टनच्या मागे आट्यांवर बसलेला दांडा आहे. तुम्ही जी-क्लॅम्प लावून जोर काढता, तेव्हा नटामधून बोल्ट न फिरवता दाबून आत घालायचा प्रयत्न करत असता. तो जाणार नाही. गेला तर काहीतरी तुटून गेला असं समजा.

माझ्या पहिल्या वेळी मी तेच केलं होतं. क्लॅम्प आवळत गेलो, आतून 'कट्' असा आवाज आला, पिस्टन दोन मिलिमीटर हलला आणि मला वाटलं जमलं. त्या बाजूचा हँडब्रेक त्यानंतर कधीच धरला नाही. महिनाभराने दुरुस्त केलेला दुसरा कॅलिपर विकत आणला.

दुकानात पिस्टन फिरवून आत घालायचं चौकोनी ठोकळ्याचं हत्यारही मिळतं. गोल्फसारख्या बऱ्याच गाड्यांना ते लागतं, तिथे पिस्टन दाबत दाबत फिरवावा लागतो. या गाडीत पिस्टन फिरवायचा नसतो, आतला दांडा मागून फिरवायचा असतो. त्याची जागा माझ्दाने दिलेली आहे, पण ती एका बोल्टच्या टोपणाखाली लपलेली असल्यामुळे कुणाच्या नजरेत येत नाही.

हत्यार न लावता होणाऱ्या तपासण्या

गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक हळू ओढा आणि टिकटिक मोजा. पाच ते सात ठीक. नऊ-दहा म्हणजे मागे अंतर वाढलंय. दोन-तीन म्हणजे कुणीतरी केबल आवळून ठेवली आहे, आणि मला याचीच जास्त धास्ती वाटते.

मग दहा-पंधरा मिनिटांची फेरी मारा, शेवटचा टप्पा शक्यतो ब्रेक न लावता. थांबल्यावर दोन्ही मागच्या डिस्कची उष्णता बघा. बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तम. नसेल तर हात चाकाजवळ न्या, डिस्कला मात्र लावू नका, चांगला चटका बसतो. नुसता आकडा फारसा काही सांगत नाही, दोन बाजूंमधला फरक बघायचा. एक बाजू स्पष्टपणे तापली असेल तर तिथला ब्रेक धरून बसला आहे. दोन्ही सारख्याच तापल्या असतील, तर संशय आधी केबलवर.

गाडी वर घेताना

हे काम करताना हँडब्रेक पूर्ण सोडलेला असावा लागतो. आणि गाडी मागच्या चाकांवर चालणारी असल्यामुळे मागची चाकं उचलली की गिअरमध्ये ठेवूनही ती जागेवर राहत नाही. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ओंडके किंवा चॉक घाला, चाकाचे नट जमिनीवर असतानाच सैल करा, गाडी स्टँडवर ठेवा आणि ढकलून बघा. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणी खाली डोकं घालत असेल, तर मी तिथून निघून जातो.

ब्रेकची भुकटी कॉम्प्रेसरने उडवू नका. ब्रेक क्लीनर मारून फडक्याने पुसा.

केबल: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण

आता मागे वाकून कॅलिपरच्या पाठीवरची दांडी बघा, जिला हँडब्रेकची केबल अडकवलेली असते. हँडब्रेक सोडलेला असताना ती आपल्या थांब्याला टेकली पाहिजे. बोटाने मागे ढकलून बघा. आणखी थोडी मागे जात असेल तर केबल ताणलेली आहे.

याला एवढं महत्त्व का? दांडी थांब्यापर्यंत परत आली नाही, तर आतली आपोआप पुढे सरकायची यंत्रणा काम करत नाही. मग पॅड झिजतात, अंतर वाढतं, हँडब्रेक लांब जातो. माणूस केबल आणखी आवळतो. दांडी थांब्यापासून आणखी लांब राहते, यंत्रणा पक्की बंद पडते. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

आपल्याकडच्या माणसांकडून ही चूक का होते, ते मला नीट कळतं. आपण बजाज चेतकवर शिकलो. मागचा ब्रेक सैल झाला की चाकापाशी वाकायचं, केबलचा नट चार फेरे आवळायचा, झालं काम. ड्रम ब्रेकला ते बरोबरच आहे, कारण तिथे झीज भरून काढायची जागा केबलचीच असते. इथे झीज कॅलिपरच्या आत भरून निघायला हवी आणि केबलने नुसता निरोप पोचवायचा. चेतकची सवय इथे वापरली की गाडी दरवर्षी माझ्या ड्राइव्हवेवर येते.

तर हँडब्रेकच्या लिव्हरच्या बुडाशी केबलचं ॲडजस्टर आहे, ते चांगलं सैल करा. दोन्ही दांड्या थांब्याला टेकल्या पाहिजेत. केबल सैल करूनही एखादी दांडी परत येत नसेल, तर केबलचं टोक दांडीतून सोडवून ती हाताने हलवा. आता सहज हलली तर केबल आतून गंजली आहे. तरीही हलत नसेल तर दांडीचा पिवट, म्हणजे ती ज्यावर फिरते तो खिळा, कॅलिपरमध्ये गंजून बसला आहे. त्याबद्दल शेवटी.

टोपणाखालचा ४ मिलिमीटरचा षटकोन

ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण काढा आणि भोवती फडकं गुंडाळा. पिस्टन आत गेला की तेल वर चढतं. कुणी मधे तेल वर भरलं असेल तर ते सांडतं आणि रंग खातं. डबी काठोकाठ असेल तर थोडं आधीच पिचकारीने काढून घ्या.

कॅलिपरच्या पाठीवर एक बोल्ट दिसेल, त्याच्या डोक्याला १४ मिलिमीटरचा पाना लागतो. कॅलिपर सरकतो त्या पिनांचे बोल्ट वेगळे, ते नव्हेत. हा बोल्ट कशालाच धरून ठेवत नाही, तो नुसतं टोपण आहे. पहिल्यांदा काढताना धाकधूक होते की आतून तेल येईल. येत नाही, ती जागा तेलाच्या बाहेर आहे. आलंच, तर तिथेच थांबा. आतलं सील गेलं आहे आणि कॅलिपर बदलावा लागणार.

टोपण काढल्यावर आत ४ मिलिमीटरच्या ॲलन कीचं (षटकोनी पान्याचं) भोक असतं. की घालायच्या आधी ते साफ करा. मी ब्रेक क्लीनरचा एक फवारा मारतो आणि टाचणीने खरवडतो. यात आळस केला की की अर्धवट बसते, फिरवताना षटकोनाचे कोपरे गोल होतात, आणि पाच मिनिटांचं काम कॅलिपर बदलण्यापर्यंत जातं. की चांगल्या पोलादाची आणि टोकाला न झिजलेली घ्या. फर्निचरबरोबर फुकट आलेली नको.

आता घड्याळाच्या उलट दिशेला फिरवा. पिस्टनकडे बघत राहा, किंवा कॅलिपर जागेवरच असेल तर पॅड आणि डिस्कमधल्या फटीकडे. पिस्टन सावकाश आत सरकायला लागतो. ज्यांनी आधी तासभर क्लॅम्पशी कुस्ती केलेली असते, त्यांचा चेहरा या क्षणी बघण्यासारखा असतो. बाहेर येताना दिसला तर लगेच थांबून दिशा बदला. पॅड काढलेले असताना पिस्टन फार बाहेर आला तर निघून येऊ शकतो.

जोर किती लावायचा? ॲलन कीची लांब बाजू हातात धरून मनगटाने फिरेल इतकाच. शेवटपर्यंत आत गेला की तो थांबतो, तिथे आणखी दाबू नका. मधेच जड लागला तर अर्धा फेरा उलट, मग पुन्हा सुलट, असं करत न्या. कीला पाइप लावून जोर वाढवायचा मोह आवरा.

पिस्टनभोवतीचा रबरी बूट फाटला असेल तर आत ढकलण्याआधी बाहेर असलेला पिस्टनचा भाग नीट बघा. गुळगुळीत असेल तर पुढे जा. गंजाचे खड्डे असतील तर तो पिस्टन सीलमधून मागे नेणं म्हणजे सीलवर कानस चालवण्यासारखं आहे.

पॅड बसवल्यानंतरचा एक तृतीयांश फेरा

बहुतेक लोक पिस्टन आत गेला की नवे पॅड घालतात, चाक बसवतात आणि मोकळे होतात. मग पेडल खोल जातं, हँडब्रेक हवेत ओढल्यासारखा येतो, आणि ते केबल आवळतात. वर सांगितलेलं चक्र इथूनच सुरू होतं.

पॅड आणि कॅलिपर बसवून झाल्यावर तीच ॲलन की घड्याळाच्या दिशेने फिरवा, पॅड डिस्कला जेमतेम टेकेपर्यंत. डिस्क हाताने फिरत नाही अशी जागा येते. तिथून एक तृतीयांश फेरा मागे. घड्याळाच्या काट्याच्या हिशेबात, बारावर असलेली की आठवर आणा. मग टोपण त्याच्या वायसरसह परत बसवा, बेताने आवळून. दोन्ही बाजूंना हे सारखंच करायचं.

डिस्क फिरवून बघताना गिअर न्यूट्रलमध्ये असू द्या. तरी डिफरन्शियल आणि प्रॉपेलर शाफ्टमुळे थोडं जड लागणारच आणि एक चाक फिरवलं तर दुसरं उलटं फिरेल. त्याला ब्रेक धरला असं समजू नका. डावी-उजवी तुलना करा आणि घासण्याचा आवाज ऐका.

पेडल पाच-सहा वेळा सावकाश पंप करा. नंतर हँडब्रेक. सैल करून ठेवलेली केबल आता पाच ते सात टिकटिक येतील इतकीच आवळा आणि दोन्ही दांड्या अजून थांब्याला टेकतात ना, ते खाली वाकून पुन्हा बघा. हा क्रम बदलू नका. आधी कॅलिपर, मग केबल.

तरीही चाक धरून बसत असेल तर

पुढचा संशय सरकत्या पिनांवर. कॅलिपर त्या पिनांवर डावी-उजवीकडे मोकळा सरकला पाहिजे, तरच एक पिस्टन दोन्ही पॅड दाबू शकतो. एक पॅड संपलेला आणि दुसरा तसाच, हे पिन अडकल्याचं लक्षण. पिन काढा, पुसा, गंज असेल तर बदला. रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस पातळ थर देऊन लावा. साधं बेअरिंगचं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं आणि सहा महिन्यांत पिन पुन्हा अडकते. खर्च अगदी थोडा. पॅड ज्या खाचेत बसतात तिथला गंजही ब्रशने काढा. नवा पॅड खाचेत ठोकून बसवावा लागत असेल तर तो सुटणार कसा?

पिनाही मोकळ्या असतील, तर एक चाचणी उरते. केबल सैल असताना पेडल दाबून सोडा, चाक धरलं आहे याची खात्री करा, मग त्या कॅलिपरचं एअर काढायचं निपल नळी लावून थोडं उघडा. तेल जोराने आलं आणि चाक मोकळं झालं, तर दाब आत अडकला होता. बहुतेक वेळा कॅलिपरकडे येणारी रबरी नळी, म्हणजे होज, आतून सुजलेली असते. दाबाने तेल आत जातं, पण परत यायला वाट नसते. बाहेरून होज नव्यासारखी दिसू शकते. निपल उघडूनही चाक सुटलं नाही, तर दोष कॅलिपरमध्येच आहे.

निपल गंजलेलं असेल तर ही चाचणी करूच नका. ते तुटलं की गाडी टो करूनच न्यावी लागते.

इथे थांबा आणि मेकॅनिककडे जा

ॲलनचं भोक गोल झालं. टोपणाखालून किंवा पिस्टनच्या बुटाखालून तेल आलं. पिस्टनवर खड्डे आहेत. दांडीचा पिवट केबल काढूनही हलत नाही. होज बदलायची आहे आणि तिला पाइपशी जोडणारा युनियनचा नट गंजून पाइपसकट फिरतोय. पंप केल्यावरही पेडल मऊ आहे किंवा दाबून धरलं की हळूहळू खाली जातं. यातलं काहीही झालं तर हात आवरा. हा ब्रेक आहे. अर्धवट जमलेल्या कामावर 'बघू, जवळच तर जायचंय' म्हणत गाडी बाहेर काढू नका.

कॅलिपर घरी उघडायच्या फंदात मी स्वतःही पडत नाही. हँडब्रेकची यंत्रणा आत स्प्रिंगखाली दाबून बसवलेली असते आणि एखादा तुकडा उलटा बसला तरी बाहेरून कळत नाही. दुरुस्त केलेला कॅलिपर इथे सहज मिळतो. जुना परत दिला की अनामत रक्कमही परत मिळते, म्हणून तुटलेला का असेना, जुना फेकू नका. घेताना डावा-उजवा तपासा, आणि गाडी १.६ लिटर इंजिनची आहे की १.८ची ते सांगा. १.६ची मागची डिस्क २३१ मिलिमीटरची, १.८ची २५१ची, आणि दोन्हींचे सुटे भाग वेगळे आहेत. इथल्या जुन्या गाड्यांवर आधीच्या मालकाने १.८चे ब्रेक चढवलेले असणं अगदी नेहमीचं आहे, त्यामुळे कागदावर विसंबू नका, डिस्क मोजा.

चाकाचे नट ९० ते ११८ न्यूटन-मीटरला आवळा. पहिल्या शंभर मैलांनंतर डिस्कची उष्णता आणि हँडब्रेकची टिकटिक पुन्हा एकदा बघा. नवे पॅड बसताना टिकटिक एखादीने वाढली तर केबलला हात लावू नका. चाक काढा, टोपण उघडा आणि तोच एक तृतीयांश फेरा पुन्हा मोजून द्या.